बेसिन चार इंच वर घेताना

सकाळी तोंड धुताना डोकं जवळजवळ नळाला टेकत असेल तर आधी टेप काढा आणि फरशीपासून बेसिनच्या काठापर्यंत मोजा. 31-32 इंच हे आपल्याकडे रुळलेलं माप. जुन्या घरात ते 28-29 निघतं. बरेचदा झालेलं असं असतं की नंतर कधीतरी जुन्या शहाबादीवर टाइल्स चढवल्या, फरशी दीड-दोन इंच वर आली आणि बेसिन होतं तिथेच राहिलं.

नवी उंची किती ठेवायची? मिस्तरीला विचारलं तर "सगळीकडे एकतीसच ठेवतात, भाऊ" हेच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, फरशीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून सात इंच वजा करा. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाचं कोपर साधारण 38-39 इंचांवर येतं, म्हणजे काठ 31-32 ला. पाच फूट आठ इंचवाल्याला 35 लागतो. घरात दोन्ही असतील तर 33-34 वर तडजोड करा, पोरांना पाट द्या. भिंतीला हात लावण्याआधी टेबलावर आडव्या विटा रचा (एक वीट तीन इंच), वर घमेलं ठेवा आणि खरंच पाणी घेऊन तोंड धुवून बघा. काठ जास्त उंच झाला की ओंजळीतलं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळतं, बाही भिजते. तसं झालं तर एक इंच खाली या.

भिंतीवर टांगलेलं बेसिन असेल तर इंच-दीड इंचासाठी ही उठाठेव करू नका. नवं भोक जुन्याच्या दोन इंचांच्या आत आलं की मधली वीट भुगा होऊन पडते आणि बोल्ट डुगडुगतो. तीन-चार इंच वर घेतलं तर वीट शाबूत राहते, आणि जुनी भोकं बहुतेक बेसिनच्या पाठीमागेच झाकली जातात. दोन्ही भोकांची रेघ पाणसळ (लेव्हल) लावून मारा. टाइलच्या कडेला किंवा सांध्यात भोक घेऊ नका. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, वीट लागली की चालू करा. भोकातली धूळ फुंकून काढली नाही तर गट्टी (बोल्ट धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी) पूर्ण आत जात नाही.

नऊ इंची विटेच्या भिंतीत रॅग बोल्ट (बेसिन टांगायचा लांब बोल्ट) आणि गट्टी पुरते. बाथरूमची आडभिंत चार इंची असेल तर आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी द्या. हॅमर जोरात मारला तर पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर निखळतं. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराच्या माती-विटांच्या भिंतीवर तर भरवसाच ठेवू नका. तिथे जमिनीवर पाय टेकणारा अँगलचा स्टँड लागतो, किंवा कडप्प्याचे दोन उभे तुकडे.

घोटाळा होतो तो अँगल कॉकपाशी, म्हणजे बेसिनखाली भिंतीतून आलेल्या छोट्या नळापाशी. तापीकाठच्या पट्ट्यात बोअरचं पाणी जिथे क्षाराचं आहे, तिथे दहा वर्षांच्या कॉकवर पांढरा थर बसलेला असतो. तो फिरवला तर बंद होत नाही, आणि एकदा हलवला की गळायला लागतो. म्हणून आधी वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि कॉक काढायचाच असेल तर नवा आणि अर्धा इंची प्लग हाताशी ठेवूनच पाना लावा. कॉक हिसक्याने फिरवला तर भिंतीतला सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिक पाइपचा) एल्बो तडकतो आणि टाइल फोडावी लागते. नळाला जिथे दोन-चार दिवसांआड पाणी येतं, तिथे पाणी यायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

नव्या कॉकच्या भिंतीकडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे द्या. कॉकपासून नळापर्यंत जाणाऱ्या कनेक्शन पाइपच्या नटाला मात्र टेप नको, तिथे आतला रबर वॉशरच पाणी अडवतो. बेसिन चार इंच वर गेलं की जुना 18 इंची पाइप ताणला जातो. 24 इंची घ्या, दोन जोडू नका.

सांडपाण्याचं तोंड भिंतीत आहे तिथेच राहणार, चार इंचांचा फरक उभ्या नळीने भरायचा. बॉटल ट्रॅपची (बेसिनखालच्या बाटलीसारख्या सांडपाण्याच्या भांड्याची) वरची नळी थोडी सरकते. कमी पडली तर 32 मिलिमीटरचा जोडतुकडा मिळतो. भिंतीकडे जाणाऱ्या नळीला फुटामागे पाव इंच उतार द्या. घड्यांचा पांढरा फ्लेक्झिबल पाइप ताणून पुरवला तर तो भोकातून निसटतो आणि वास व झुरळं वर येतात. लांब घेतला तर झोळ पडतो, त्यात केस आणि पेस्ट साचते. कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारा आट्यांचा तुकडा) बदलत असाल तर ओव्हरफ्लोचं भोक असलेल्या बेसिनला हाफ थ्रेड, नसलेल्याला फुल थ्रेड.

खाली कपाट असलेली व्हॅनिटी उचलायची तर प्लायच्या पट्ट्या घालू नका. आपण बादलीने बाथरूम धुतो, प्लाय पावसाळाभरात फुगतो. विटांचा चौथरा करून वर ग्रॅनाइट द्या किंवा चार इंची पीव्हीसी पाय लावा. पूर्ण पेडेस्टलखाली (बेसिनखालच्या जमिनीपर्यंतच्या चिनी मातीच्या खांबाखाली) 18 मिलिमीटर ग्रॅनाइटचे दोन थर चालतात, त्याहून जास्त बेढब दिसतं. ओट्यावर वाडग्यासारखं बेसिन ठेवलं तर पाचेक इंच आपोआप मिळतात, पण नळ लांब बॉडीचा घ्यावा लागतो. शिवाय ओट्यातलं जुनं मोठं भोक वाडग्याखाली झाकलं जात नाही, दगडच बदलावा लागतो. आरशाची खालची कड काठापासून सहा इंच तरी वर हवी, तीही आधीच मोजा.

बोल्टचा नट आणि चिनी मातीच्या मध्ये प्लॅस्टिकचा वॉशर हवाच. नट हाताने घट्ट, मग पान्याने अर्धा वेढा, बास. त्यापुढे पिळलं तर तडा जातो, तोही लगेच दिसत नाही.

जळगाव-भुसावळला पारा 44-45 वर असताना बेसिन आणि भिंतीमधल्या फटीत पांढरं सिमेंट भरलं तर ते पिकण्याआधी सुकतं आणि खडूसारखं झडतं. दिवसभर ओलं फडकं लावून ठेवा. सिलिकॉनचं उलट. ते हवेतल्या ओलाव्याने पिकतं, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात वरून साय धरते, आत कच्चंच असतं. 24 ऐवजी 48 तास थांबा.

मग बुच लावून बेसिन काठोकाठ भरा, खाली जुना पेपर पसरा आणि बुच एकदम उपसा. पेपरवर कुठे थेंब पडतो त्यावरून कोणता जोड गळतोय ते कळतं. आठवड्याने दोन्ही नट पुन्हा तपासा, गट्टी बसल्यावर एखादा पाव वेढा सैल झालेला असतो.