समासातला शेरा

आमचे बाबा कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्त झाल्यावरही वाण्याच्या यादीखाली 'पाहिले' लिहून, लफ्फेदार सही ठोकून तारीख टाकायचे. शाळेच्या सहलीसाठी पैसे हवेत म्हणून मी एकदा त्यांच्याकडे चिठ्ठी सरकवली, तर ती समासात तांबड्या शाईचा शेरा घेऊन परत आली : 'कारणे सयुक्तिक नाहीत. आईचा अभिप्राय घ्यावा.'

तेव्हापासून कुठलाही जुना कागद हाती आला की माझी नजर आधी समासात जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले कागद हल्ली घरबसल्या पाहता येतात. थोरामोठ्यांची घोषणापत्रं पाहायला म्हणून आपण बसतो आणि मध्यरात्री भलत्याच फायलीत सापडतो. माझं तसंच झालं. मला रॉक अँड रोलवाला गायक एल्विस प्रेस्ली भेटला.

२१ डिसेंबर १९७०. एल्विस भल्या सकाळी व्हाइट हाउसच्या फाटकावर आला आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या नावाचं पत्र पहाऱ्यावर देऊन गेला. पत्र विमानात बसून, विमान कंपनीच्याच कागदांवर, लहान मुलासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं. देशाला अमली पदार्थांपासून वाचवायला मला मदत करायची आहे, त्यासाठी मला केंद्र सरकारचा अधिकारी करा, असा मजकूर. खरी गोष्ट अशी की साहेबांना पोलिसांचे बिल्ले जमवायचा नाद होता आणि अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला तेवढा संग्रहात नव्हता.

आता असा अर्ज आपल्याकडे आला असता तर काय झालं असतं? तिथेही तेच झालं. टिपणी तयार झाली! सरकारबाहेरच्या हुशार तरुणांना भेटायची राष्ट्राध्यक्षांची इच्छा असेल, तर प्रेस्लीपासून सुरुवात करायला हरकत नाही, असं कुणा चॅपिनसाहेबांनी गंभीरपणे टंकलिखित करून वर पाठवलं. मुख्य सचिवाच्या जागी असलेल्या हाल्डेमन यांनी त्या ओळीशेजारी समासात हाताने लिहिलं, 'थट्टा करताय की काय!' आणि खाली मंजुरीही दिली. मला तो माणूस त्या क्षणी फार जवळचा वाटला. मनातलं समासात लिहायचं आणि सही मात्र नेमल्या जागी करायची, हे ज्याला जमलं त्याची नोकरी टिकली. (हाल्डेमन यांची पुढे निक्सन यांच्या वॉटरगेट घोटाळ्यात गेली, पण ती गोष्ट वेगळी.)

भेट त्याच दिवशी दुपारी झाली. जांभळा मखमली पेहराव, पोटावर ताटाएवढं सोनेरी बक्कल आणि भेट म्हणून आणलेलं चक्क पिस्तूल! ते अर्थातच दारातच काढून घेतलं गेलं. बिल्ला मात्र मिळाला. दोघांचा हस्तांदोलनाचा फोटो अभिलेखागारातून सर्वाधिक मागणी असलेल्या चित्रांपैकी आहे म्हणतात. मला विचाराल तर मी त्या टिपणीची प्रत मागवीन.

निक्सन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळातला दस्तऐवज कानांनी वाचायचा. त्यांचे फोन ध्वनिमुद्रित होत. ९ ऑगस्ट १९६४ रोजी त्यांनी हॅगर या कपडे बनवणाऱ्या कंपनीच्या मालकांना फोन लावला आणि विजारींची ऑर्डर दिली. दोनच दिवसांपूर्वी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव करून व्हिएतनाममधल्या लढाईबाबत त्यांना जवळजवळ मोकळं रान दिलेलं, दुसऱ्या दिवशी त्या ठरावावर सही व्हायची, आणि मधल्या दिवशी हा गृहस्थ सांगतोय की खिसे इंचभर खोल करा, खुर्चीत बसलं की चाकू आणि सुटे पैसे बाहेर पडतात. वजन कमीजास्त होतं, तेव्हा कमरेला माया ठेवा. शिवाय खाली, जिथे आपण शिंप्याकडे नुसतं 'जरा सैल ठेवा' म्हणून गप्प बसतो, तिथलं वर्णन त्यांनी तारेच्या कुंपणावर बसल्याची उपमा देऊन सविस्तर केलं. मध्येच एक खणखणीत ढेकरही आहे. तोही जतन झालाय.

पण माझी सगळ्यात लाडकी फाईल १९८४ची. दक्षिण कॅरोलिनातल्या सातवीतल्या एका मुलाने राष्ट्राध्यक्ष रेगन यांना कळवलं, की आज माझ्या आईने माझी खोली आपत्तीग्रस्त क्षेत्र म्हणून जाहीर केली आहे, तरी सफाईसाठी माणसं लावायला केंद्राचा निधी मिळावा. रेगननी उत्तर धाडलं. अर्जाची नोंद घेतली आहे, मात्र एक तांत्रिक अडचण आहे : ज्या प्राधिकाऱ्याने आपत्ती जाहीर केली, मागणी त्यानेच करायला हवी. म्हणजे तुझ्या आईने. तशात यंदा आपत्ती फार झाल्यामुळे निधीही तळाला गेला आहे, तेव्हा खाजगी पुढाकाराचा आमचा स्वयंसेवी कार्यक्रम तुझ्या खोलीपासून सुरू करावा.

रविवारी बाबांना हे पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा वर केला, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबरच आहे. अर्ज योग्य मार्गाने यायला नको?"