तुम्ही विचारलंत म्हणून: खापरपणजी खुनी होती का?

अंदमानचं नाव निघालं की पहिला प्रश्न कोठडीचा. मग आवाज खाली आणून दुसरा: "ती खरंच खुनी होती का हो?"

कोठडीचं आधी उरकते. सेल्युलर जेल बांधलं १८९६ ते १९०६ या काळात, तिला नेलं त्याच्या वीस वर्षं आधी. शिवाय बायकांचा तुरुंग वेगळाच, पोर्ट ब्लेअरच्या साउथ पॉइंटला.

आमच्या घरात ती 'काशीला गेली ती आलीच नाही'. श्राद्धाला पितामहीच्या नावाशी आजोबा अडखळत आणि गुरुजी पुढे सरकत. तिच्यासाठी मी मोडी शिकले. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याच्या बाडांत तिच्या नावानं शोधत बसले, हाच माझा मूर्खपणा. कारकुनानं इंग्रजीत त्या नावाचं पार वाटोळं केलेलं. सापडली ती नवऱ्याच्या नावावरून, 'अमकी कोम तमका'. कोम म्हणजे बायको. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, तरी कोमच.

तर, हो. विधवा होती, दिवस गेले, चोरून बाळंत झाली आणि मूल मारलं. आधी फाशी, मग जन्मठेप काळं पाणी.

पुण्यात गोवंड्यांकडे स्वयंपाकाला असलेल्या काशीबाईचंही हेच झालं होतं. शेजारच्या शास्त्र्यापासून दिवस गेले, बाळाचा जीव घेऊन तिनं ते विहिरीत टाकलं आणि अंदमानला गेली. त्यावरून जोतिराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. शास्त्रीबुवांना कोणी बोटीत बसवलं नाही.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पण आमच्या गावापर्यंत तो चालत यायला फार वर्षं लागली. अंदमानात मात्र चांगल्या वर्तणुकीच्या कैदी बाईला तिथल्याच कैद्याशी लग्न लावायची परवानगी सरकार देई. त्यांची मुलंबाळं म्हणजे तिथले 'लोकल बॉर्न'. तिनंही कुणाशी तरी संसार थाटला असावा, अशी माझी आपली आशा.

जबानीत एकदाच विचारलंय, पुरुष कोण? उत्तर: 'घरातलाच.' पुढचा प्रश्न थेट विहिरीचा.

त्या साली घरात पुरुष दोन, धाकटे दीर आणि सासरे. दोघंही वंशावळीत ठसठशीत शाईनं. सासऱ्यांचं नाव तर आजोबा श्राद्धाला, प्रपितामह म्हणून, अगदी खणखणीत घेत.