सोफी गेली का?

म्युनिकमधला माझा पहिला मे महिना. आठवडाभर लख्ख ऊन पडत होतं, म्हणून हौसेने टोमॅटोची सहा रोपं आणून बाल्कनीतल्या कुंड्यांत लावली. शेजारच्या आजी कठड्यावरून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढी घाई कशाला? सोफी अजून जायचीय." मला वाटलं, त्यांच्याकडे कोणी पाहुणी आलीय!

१३ मेच्या पहाटे पारा शून्याखाली गेला. सकाळी बघते तर सगळी पानं काळी पडून देठाला लोंबत होती.

मग आजींनी बोटांवर मोजून दाखवलं: १२ तारखेला पांक्राझ, १३ला सर्व्हाझ, १४ला बोनिफाझ आणि १५ला 'थंड सोफी'. हे त्या त्या संतांचे स्मरणदिन, आणि नेमक्या त्याच सुमाराला थंडी एकदा शेवटची उलटते, असा इथल्या शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. म्हणून हे 'आइसहायलिगे', बर्फाचे संत. उत्तर जर्मनीत ११ तारखेच्या मामेर्टुसलाही यांच्यात धरतात. आजी त्याला हिशेबात घेत नाहीत.

ऑफिसात हे रडगाणं गायले तर पोलंडचा सहकारी हसायलाच लागला. त्यांच्याकडे हे तिघे म्हणजे 'थंड माळी' आणि मागून येणारी ती 'झिम्ना झोश्का'. झोश्का हे सोफीचं अगदी घरगुती, एकेरी नाव. संताला अशी हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. चेक लोकांनी तर तिघांच्या नावांचे तुकडे जोडून एकच माणूस उभा केलाय: पान सर्बोनी. 'पान' म्हणजे श्रीयुत! स्लोव्हेनियात सोफी गारठ्यापेक्षा पावसासाठी बदनाम. तिथलं तिचं विशेषण सभ्य भाषेत सांगायचं तर 'ओली'.

गंमत म्हणजे यातल्या कोणाचाच बर्फाशी काही संबंध नव्हता. पांक्राझ हा रोममध्ये इसवी सन ३०४च्या सुमारास मारला गेलेला जेमतेम चौदा वर्षांचा मुलगा, असं परंपरा सांगते. सर्व्हाझ बिशप होता, त्याची समाधी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला आहे. बोनिफाझ तार्ससमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात मारला गेला, अशी आख्यायिका. लंडनच्या ज्या सेंट पँक्रस स्टेशनात मी दोनदा गाडी पकडली, त्याच्या नावातला संत हाच पोरगा! प्रागमधल्या पांक्राट्स भागाचं नावही त्याच्यावरूनच. माझे टोमॅटो कोणी मारले हे कळायला मात्र मला बाल्कनीच लागली.

यंदा जरा शहाणपणा दाखवायला आजींना म्हटलं, "१५८२मध्ये पोप ग्रेगरीने कॅलेंडरमधले दहा दिवस उडवले. संतांच्या तारखा होत्या त्याच राहिल्या. म्हणजे जुन्या काळातली १२ मे आता २२च्या आसपास येते."

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. १५ तारीख उलटल्यावर मी कुंड्या बाहेर काढायला लागले, तशा कठड्यावरून म्हणाल्या, "अगं, ते दहा दिवस तूच सांगितलेस ना?"

रोपं अजून स्वयंपाकघराच्या खिडकीतच आहेत.