थंडीत मुंगळ्यांची वसाहत सांभाळताना

नोव्हेंबर सरत आला तशा टेस्ट ट्यूबमधल्या अळ्या वाढायच्या थांबल्या. मेल्या नव्हत्या. कामकरी मुंग्या त्यांना चाटत होत्या, उचलून इकडून तिकडे ठेवत होत्या, पण अळ्यांचा आकार होता तेवढाच. राणीनेही अंडी घालणं बंद केलं होतं. आम्ही नाशिकला तळमजल्यावर राहतो. थंडीत पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही, आणि नळी ठेवली होती त्या कपाटातलं थर्मामीटर १७ अंश दाखवत होतं.

वसाहत आपल्या साध्या काळ्या मुंगळ्यांची, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. झाडाच्या बुंध्याशी बीळ करून राहणारे आणि मावा या किडीचा गोड स्राव चाटायला फांद्यांवर चढणारे ते हेच. राणी मला पावसाळ्याच्या तोंडावर मिळाली, पंख गळलेली. तेव्हा तिला काहीच खायला द्यावं लागलं नाही. अशी राणी पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून पहिली पिलावळ एकटीच वाढवते. पावसाळाभर सगळं छान चाललं होतं.

युरोपात मुंग्या पाळणारे लोक हिवाळ्यात वसाहत मुद्दाम गार ठेवतात, काही जण तर फ्रिजमध्ये. त्यांच्याकडच्या लासियस नायजर या बागेतल्या काळ्या मुंगीला ती विश्रांती लागतेच. आपल्या मुंगळ्यांना अशा दीर्घ झोपेची गरज नसते. जमिनीत थोडं खोल गेलं की तापमान फारसं खालीवर होत नाही, आणि बिळातल्या मुंग्या ऋतूप्रमाणे, अगदी दिवसाच्या वेळेप्रमाणेही, पिल्लांना वरखाली हलवत असतात. माझ्या मुंगळ्यांना काचेच्या नळीत खाली उतरायला जागाच नव्हती. ती सोय मीच करून द्यायला हवी होती.

आई म्हणाली, "अगं, बल्ब लाव की वर, कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा." पण बल्बने उजेड होतो आणि राणीला अंधार हवा. शिवाय वरून सतत तापवलं तर नळी लवकर सुकते. कंबर शेकायचा पॅड मी हातावर धरून पाहिला. मुंग्यांसाठी तो फार गरम होता आणि ठरावीक वेळाने आपोआप बंदही पडत होता. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी हीट मॅट चालली असती, पण तिला वेगळा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र, जोडावा लागतो. शेवटी उपाय मिळाला तो माशांच्या दुकानात.

फिशटँकचा पंचवीस वॉटचा हीटर घेतला. याच्या आतच थर्मोस्टॅट असतो, हवं ते तापमान लावून ठेवता येतं. दोन लिटरची बरणी पाण्याने भरून त्यात हीटर पूर्ण बुडवला, झाकणाला वायरपुरती खाच पाडली आणि बरणी थर्माकोलच्या खोक्यात एका टोकाला ठेवली. हीटर पाण्याबाहेर राहिला तर त्याची काच तडकते, म्हणून पाण्याच्या पातळीवर रोज नजर. बरणीत हात घालण्याआधी प्लग काढायचाच. आणि वायर प्लगच्या खाली झोल देऊन सोडायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

मुंग्या आत ठेवण्याआधी रिकामं खोकं दिवसरात्र चालवून पाहिलं. बरणीलगत २८ अंश, दुसऱ्या टोकाला २२. मला नेमका हाच फरक हवा होता. सगळं खोकं एकसारखं गरम करण्यात अर्थ नाही. अंडी, अळ्या आणि कोष यांना वेगवेगळी ऊब आणि ओल लागते, आणि ती किती हे मुंग्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आपण एक बाजू उबदार करायची, एक गार ठेवायची, निवड त्यांच्यावर सोपवायची.

नळी कशी ठेवायची हेही महत्त्वाचं आहे. नळीच्या बंद टोकाला पाणी भरून ते कापसाच्या बोळ्याने अडवलेलं असतं. पाण्याचा साठा बरणीपासून लांब, तोंडाकडची कोरडी बाजू बरणीजवळ. उलट ठेवली तर साठ्यात अडकलेली हवा तापून फुगते आणि पाणी कापसातून पुढे ढकलते. नळीत पूर येतो, काचेवर थेंब साचतात. लहान अळ्या अशा थेंबात बुडू शकतात.

नळी आत ठेवली त्याच संध्याकाळी हलवाहलव सुरू झाली. एक कामकरी मुंगी आपल्याएवढाच कोष जबड्यात धरून मागे मागे चालत ऊबेकडे निघाली होती. कोष फिकट तपकिरी, एका टोकाला काळा ठिपका. अळीने कोषात गेल्यावर टाकलेली विष्ठा तिथे साठलेली असते. रात्रीपर्यंत सगळे कोष ऊबेच्या बाजूला रांगेने लागले होते, आणि अंडी-अळ्या मात्र नळीच्या मधोमध, कापसाच्या ओलीपासून फार दूर नाही अशा जागी. राणी त्यांच्यापाशीच.

पुढचा बदल दिसला तो भुकेत. थंडीत मधपाण्याचा थेंब जवळपास तसाच राहायचा, आता सकाळपर्यंत संपू लागला. अळ्या वाढायला लागल्या की त्यांना प्रथिनं लागतात, म्हणून उकळत्या पाण्यातून काढलेल्या झुरळाच्या पिल्लाचा तुकडा देऊ लागले. ऊब वाढवली आणि खाणं तेवढंच ठेवलं तर वसाहत आपलीच पिल्लं खायला लागते, याकडे नवीन पाळणाऱ्यांनी जरूर लक्ष द्यावं.

वीज जाण्याची मला धास्ती होती. निफाडकडे पारा पार घसरतो तेव्हा द्राक्षबागायतदार बागेत रात्रभर शेकोट्या करतात, इतकी थंडी असते. पण बरणीतलं पाणी हळूहळू निवतं आणि थर्माकोल ती ऊब धरून ठेवतं. एकदा रात्री बराच वेळ वीज नव्हती, तरी सकाळी खोक्यात २३ अंश होते. हीट मॅटवर हे झालं नसतं, आणि म्हणूनच मी आजही पाण्याच्या बरणीचीच शिफारस करते.

मग कोष फुटायला लागले. आतली मुंगी स्वतःहून बाहेर येत नाही, मोठ्या मुंग्या कोषाचं टोक कुरतडून तिला ओढून काढतात. नवी मुंगी फिकट, जवळजवळ पारदर्शक पायांची. काळी व्हायला तिला काही दिवस लागतात.

फेब्रुवारीत दुपारचा पारा तिशीपार गेला तसा हीटर आधी दिवसा बंद केला, मग रात्रीही. नळी आता अपुरी पडू लागली आहे, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिसचं घरटं करायला घेतलंय. त्याची एक भिंत पातळ ठेवली आहे, पुढच्या थंडीत बरणी तिथे टेकवता यावी म्हणून.