क्योतोतला बुधवार आणि शेवटचा एक मिनिट

रजेच्या अर्जात ‘शोगी’, म्हणजे जपानी बुद्धिबळ, असं कारण लिहिलं, तर ऑफिसात कुणी हसलंसुद्धा नाही. उलट टीममधल्या दोघांनी ‘संध्याकाळी स्कोअर कळवा’ म्हणून सांगितलं. मी नागोयात राहते आणि फुजिइ सोता हा शेजारच्याच सेतो गावचा मुलगा, त्यामुळे इथे त्याच्या डावाची चौकशी आपल्याकडच्या क्रिकेटसारखी होते. तारीख ११ ऑक्टोबर २०२३. शोगीतले आठ मोठे किताब, त्यातले सात एकवीस वर्षांच्या फुजिइकडे. आठव्या किताबाचं नाव ओझा, तो नागासे ताकुयाकडे. पाच डावांच्या लढतीत फुजिइ २-१ नं पुढे होता आणि चौथा डाव क्योतोत.

नोझोमी या बुलेट ट्रेननं नागोया ते क्योतो जेमतेम पस्तीस मिनिटं. सोबत आमच्या शोगी क्लबातले एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सेन्सेइ, म्हणजे गुरुजी, म्हणतात, मीही. स्टेशनातून कारासुमा लाइन, मग कारासुमा-ओइकेला तोझाइ लाइन पकडून केआगे. वर आलं की समोरच चढावर वेस्टिन मियाको हॉटेल. आत कुठल्या तरी खोलीत फुजिइ आणि नागासे सकाळपासून मांडी ठोकून बसलेले. त्या खोलीत आपल्याला कोण घेणार? पण बाहेर उभं राहून नुसतं त्या इमारतीकडे बघायलासुद्धा माणसं येत होती. त्यांच्यात आम्ही दोघं.

मग भटकलो. केआगेचा इन्क्लाइन म्हणजे उतारावरचे जुने रूळ. बिवा सरोवराच्या कालव्यातल्या नावा इथे गाड्यावर चढवून वर-खाली नेत. पुढे नानझेनजी मंदिर आणि त्याच्या आवारातून जाणारा विटांचा जलसेतू. पानं अजून हिरवीच होती, त्यामुळे गर्दी बेताची. सेन्सेइंचं लक्ष अर्थात देवळात नव्हतं. दर पाच मिनिटांनी फोन बाहेर. जेवणाच्या सुट्टीत तर खेळाडूंनी काय मागवलं याची बातमी आली, फोटोसकट! किताबाच्या लढतीत ही बातमी असतेच आणि लोक ती चवीनं वाचतात.

दुपारनंतर सानजोजवळच्या एका कॉफीच्या दुकानात ठाण मांडलं. टेबलावर चुंबकाचा छोटा पट, शेजारी फोनवर आबेमा या इंटरनेट वाहिनीचं थेट प्रक्षेपण.

ज्यांनी शोगी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नऊ बाय नऊचा पट, प्रत्येकी वीस मोहरे. आपल्या बुद्धिबळाचंच दूरचं नातं, पण एक फरक सगळं बदलून टाकतो. मारलेला मोहरा तुमच्या हातात येतो आणि पुढे कधीही, जवळपास कुठेही, तुमचा म्हणून पटावर टाकता येतो. त्यामुळे डाव जसा पुढे जातो तसा पट रिकामा होत नाही. शेवटाकडे गुंता वाढतच जातो. आणखी एक गंमत. मी सांगलीची, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावची. आमचे आजोबा जुन्या पद्धतीनं खेळत आणि प्याद्यानं केलेली मात, प्यादेमात, त्यांच्या लेखी सगळ्यांत मानाची. शोगीत मात्र हातातलं प्यादं टाकून थेट मात करायला मनाई! २००८ च्या र्‍यूओ किताबाच्या लढतीत ०-३ नं मागे पडलेला वातानाबे आकिरा चौथ्या डावात या नियमाच्या आडोशानं वाचला आणि पुढे हाबू योशिहारूला ४-३ नं हरवून गेला. हे आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी पट मिटून ठेवला असता.

असो. डावाकडे येते. पहिली चाल नागासेची. सुरुवातीलाच दोघांनी उंट बदलून हातात घेतले. ही फुजिइची हुकमी वाट, पण त्या दिवशी नागासे तिच्यावरून जास्त सहज चालत होता. दोघे कित्येक वर्षं एकमेकांबरोबर सराव करतात, एकमेकांची खोड न खोड ओळखतात. नागासेनं हा डाव जिंकला असता तर २-२ झालं असतं आणि सलग पाचव्यांदा ओझा, म्हणजे कायमचा मानाचा किताब, एका डावावर आला असता.

रात्री दोघांचेही विचाराचे पाच-पाच तास संपले होते. आता प्रत्येक चालीला एक मिनिट. नोंद ठेवणारा सेकंद मोठ्यानं मोजतो, पन्नासनंतर तर एकेक आकडा. पडद्यावर जिंकण्याची शक्यता सांगणारी संगणकाची पट्टी नागासेला नव्वद टक्क्यांच्या वर दाखवत होती. दुकानात बाजूच्या टेबलावरच्या मुलीनं फुजिइसाठी हळहळून मान हलवली.

तेवढ्यात १२२ वी चाल. फुजिइची चांदी ५-५ या घरावर (सोनं आणि चांदी ही शोगीतल्या मोहऱ्यांचीच नावं). नागासेनं बढती मिळालेला उंट ५-३ वर नेला आणि पट्टी एका क्षणात उलटली. क्षणभर प्रक्षेपणातल्या व्यावसायिक खेळाडूंनाही शब्द फुटेना. मग त्यांनी उलगडून दाखवलं. सोनं ४-२ वर बसवलं असतं तर फुजिइचा राजा लांबच्या वाटेनं का होईना, पण पकडला जात होता. नागासेला ते लगेच कळलं. तो दोन्ही हातांनी डोकं खाजवत, केस ओढत बसला. नऊच्या सुमारास, १३८ व्या चालीनंतर, त्यानं हार मानली. आठही किताब एका माणसाकडे. १९९६ मध्ये हाबूनं सगळे जिंकले तेव्हा ते सातच होते.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘घोडचूक’ हा एकच शब्द. मला तो पटत नाही. नव्वद टक्क्यांची ती पट्टी वाचताना आपल्याला वाटतं, दहातल्या नऊ चाली चालतील. प्रत्यक्षात तो आकडा एका अचूक चालीवर उभा होता, आणि तिच्यापुढे आणखी कितीतरी अचूक चाली लागणार होत्या. चांदी ५-५ वर नेऊन फुजिइनं नेमका हाच प्रश्न विचारला: साठ सेकंद आहेत, शोधून दाखव. हरत्या डावात समोरच्याला विचार करायला भाग पाडणं हे कसब आहे, नशीब नव्हे. आदल्या डावातही, नागोयात, त्यानं हरत आलेली बाजी अशीच फिरवली होती.

डाव संपल्यावर दोघे पुन्हा त्याच पटावर बसले. याला कान्सोसेन म्हणतात. हरणारा आणि जिंकणारा मिळून चाली मागे नेतात, ‘इथे हे असतं तर?’ असं हळू आवाजात विचारतात. एवढ्या मोठ्या पराभवानंतर लगेच! मला हे जमणार नाही, उघड सांगते.

सेन्सेइ परतीच्या गाडीत एकच धोशा लावून बसले होते, ‘सोनं ४-२ तर मलासुद्धा दिसलं होतं.’ मी चुंबकाचा पट काढला, तोच डाव मांडला, फोनवर एक मिनिट लावलं आणि म्हटलं, ‘खेळा.’ सोनं त्यांनी पंधरा सेकंदांत ठेवलं. पुढच्या तिसऱ्या चालीला मात्र माझा राजा त्यांच्या हातून निसटला. त्यांनी पटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘पुन्हा मांडा. आता दोन मिनिटं द्या.’