‘इंजिन चालतंय ना, मग अजून काय तपासताय?’

हा प्रश्न घरचे विचारतात, हिशेब बघणारे विचारतात, कधीकधी गणवेशातले अधिकारीही विचारतात. मी लष्करी गाड्यांसाठीच्या इंधनाच्या चाचण्या घेते. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

फिशर-ट्रॉप्श पद्धतीने, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन वायूंपासून, बनवलेलं सिंथेटिक इंधन लष्करी डिझेल इंजिनात उत्तम जळतं. सीटेन नंबर, म्हणजे इंधन दाबाखाली किती पटकन पेट घेतं त्याचं माप, चांगला; सल्फर जवळपास शून्य. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझी काळजी जळण्याआधीची आहे. इंजेक्टरना दाबाने इंधन पुरवणाऱ्या रोटरी फ्युएल पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्यातून जाणारं इंधनच त्याचं वंगण. आणि या इंधनात वंगणाचा गुण मुळातच कमी.

एक चाचणी मला अजून सलते. 210 तासांचं ठरलेलं चक्र: दोन तास फुल लोड, एक तास आयडल, असं करत दिवसाला 14 तास इंजिन चालवायचं आणि 10 तास बंद ठेवायचं. इंधन वाळवंटात तापतं तसं तापवलेलं, वंगणाचा गुण वाढवणारं लुब्रिसिटी अ‍ॅडिटिव्ह घातलेलं. सुरुवातीला सगळं सुरळीत. मग फुल लोडची पॉवर थोडीथोडी उतरू लागली. एकदा गरम इंजिन बंद करून लगेच स्टार्टर मारला. इंजिन फिरत राहिलं, पेटलं नाही. पुन्हा मारला, तेच. थंड झाल्यावर मात्र मुकाट्याने सुरू झालं. पंप उघडला तर रोलरवर बोटाला लागतील असे ओरखडे आणि तळाशी तपकिरी गाळ. झिजून वाढलेल्या फटींतून गरम, पातळ इंधन मागे गळत होतं. स्टार्टरच्या कमी वेगात इंजेक्टर उघडण्याइतका दाबच तयार होत नव्हता. गोळीबार चालू असताना थांबलेली गाडी अशी अडून बसली तर आतल्या माणसांचं काय होईल, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि इंजिन तर ‘चालत’ होतंच की!

‘मग नेहमीच्या इंधनात निम्मं मिसळा,’ असं तुम्ही म्हणाल. पूर्वी मीही बैठकांमध्ये हेच ठासून सांगायचे: 50 टक्के मिश्रण, वर अ‍ॅडिटिव्ह, विषय संपला. बऱ्याच इंजिनांसाठी ते आजही खरं आहे. मिश्रणात किमान 8 टक्के अ‍ॅरोमॅटिक्स (नेहमीच्या इंधनातली, रबर फुगवणारी संयुगं) राखले की नायट्राइल रबरचे सील आकसून गळण्याचा धोकाही कमी होतो. पण या मर्यादा विमानाच्या इंधनासाठी ठरल्यात, आणि विमानाच्या टर्बाइनला सीटेनशी देणंघेणं नसतं; तेच इंधन गाडीच्या डिझेल इंजिनात घातलं की प्रश्न येतो. अल्कोहोलपासून बनवलेल्या जेट इंधनाचा सीटेन 20 च्याही खाली असू शकतो. ते निम्मं मिसळलं तरी कागदावर तेही ‘50 टक्के सिंथेटिक’च. डिझेल इंजिनाला तो फरक थंडीत पहिल्याच स्टार्टला कळतो.

म्हणून मी म्हणते, आधी रोटरी पंपाच्या गाड्यांना टणक भागांचे पंप बसवा, मग या इंधनाच्या मंजुरीचं बोला. समोरचे म्हणतात, रसद तुटली तर झिजणारा पंप चालेल, रिकामी टाकी नाही. त्यांचंही चूक नाही. तरी पुढच्या चाचणीत गरम रीस्टार्ट मी वगळू देणार नाही.