जुनी चारचाकी कडाक्याच्या थंडीसाठी तयार करताना

थंडीत जुनी गाडी सेल्फ घेईना की पहिला संशय बॅटरीवर जातो आणि नवी बॅटरी बसते. काही दिवस गाडी सुरूही होते, कारण नव्या बॅटरीचा जास्तीचा जोर जुना दोष झाकून टाकतो. दोष मात्र जागच्या जागी असतो: गंजलेली अर्थ वायर (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणारी), सैल टर्मिनल, नाहीतर थंडीत काकवीसारखं घट्ट होणारं ऑइल. पारा आणखी उतरला की तीच गाडी पुन्हा अडते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारं यंत्र) हातात घ्यावा.

उणे 18 अंश सेल्सिअसच्या आसपास लेड-ॲसिड बॅटरीचा सेल्फ फिरवण्याचा जोर साधारण निम्म्यावर येतो. नेमकं त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा बराच जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात न जाणवलेला लहानसा दोष इथे गाडी अडवतो.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीचं व्होल्टेज मोजा. 12.6 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी. निम्मी बॅटरी थंडीत नेऊ नका. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे 50 अंशांनाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं उणे 10 च्या आसपासच गोठतं. बॅटरीच्या बाजू फुगल्या असतील किंवा आत बर्फ दिसत असेल तर तिला चार्जर किंवा जंप केबल अजिबात लावू नका, ती फुटू शकते. इंजिन चालू असताना टर्मिनलवर 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्याहून कमी असतील तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि त्याचा बेल्ट बघा.

आता खरी चाचणी. इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करा: पेट्रोल गाडीत कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरपासून (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) काढून तिचं टोक बॉडीला अर्थ करा, जुन्या डिझेलमध्ये पंपावरच्या सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणारी विजेची झडप) वायर काढा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. खांबावर म्हणजे शिशावर, क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगमध्ये दोष आहे. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट असं मोजा. तिथे 0.5 व्होल्टच्या वर जायला नको. दोन्ही आकडे ठीक असूनही सेल्फ हळू फिरत असेल, तरच बॅटरी किंवा सेल्फ मोटरला दोष द्या.

अर्थिंगचा दोष बहुतेक वेळा वायरमध्ये नसतो, तिच्या टोकाखाली असतो. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुतला जातो, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

ऑइल बदलायचंच आहे, तर ग्रेड विचारपूर्वक निवडा. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा असतो. इंजिन थंडीत फिरवता येतं की नाही हे 20डब्ल्यू ऑइलसाठी उणे 15 अंशांना तपासतात, 10डब्ल्यूसाठी उणे 25 ला आणि 5डब्ल्यूसाठी उणे 30 ला. जुन्या इंजिनात सवयीने भरलेलं 20डब्ल्यू-50 सकाळी सेल्फचा जीव काढतं. इंजिनाच्या पुस्तिकेत थंड हवामानासाठी कोणता ग्रेड दिला आहे ते पाहा आणि तोच भरा.

सगळ्यात जास्त चुका कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या ग्लायकॉल-पाण्याच्या मिश्रणात, होतात. 'घट्ट भरलं की जास्त थंडी सोसतं' हा समज चुकीचा आहे. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असेल तर मात्र उणे 37 पर्यंत निभावतं. पाणी डिस्टिल्डच घ्या, नळाच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

दुसरी चूक हिशोबाची. रेडिएटरचा खालचा प्लग काढल्यावर सगळं पाणी बाहेर येत नाही, बरंचसं ब्लॉकमध्ये आणि हीटर कोअरमध्ये (गाडीच्या आतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर) राहतं. धुतल्यानंतर वरून तयार 50-50 मिश्रण ओतलं तर आतल्या पाण्यामुळे ते पातळ होतं आणि ब्लॉकला तडा जायची तयारी होते. म्हणून पुस्तिकेत एकूण क्षमता बघा. समजा 6 लिटर आहे, तर आधी 3 लिटर निव्वळ ग्लायकॉल ओता आणि मगच उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचं नाक थोडं उंचावर करून इंजिन चालवा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नये. थंड झाल्यावर पातळी पाहून मिश्रण किती थंडी सोसेल ते रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून प्रमाण दाखवणारं उपकरण) तपासा. काढलेलं कुलंट उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि ते जहाल विष आहे.

आतून गरम हवा येत नसेल आणि तापमानाचा काटाही खालीच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कुलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा अडकलाय. तो काढून दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात लटकवा आणि शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाला, समजा 82 ला, तो उघडायला लागला पाहिजे आणि थंड होताना पूर्ण मिटला पाहिजे. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवणं थंडीत तरी नकोच: इंजिन तापत नाही, पेट्रोल जास्त जळतं आणि ते ऑइलमध्ये उतरतं. काटा बरोबर असूनही हवा गार असेल तर हीटर कोअरच्या दोन्ही होजना हात लावा. एक गरम आणि दुसरा कोमट असला तर कोअर चोंदलाय. होज सोडवून उलट्या दिशेने, कमी दाबाने पाणी सोडा. जोर लावला तर जुना कोअर फुटतो. काचेवर आतून चिकट थर आणि गोडसर वास येत असेल तर तो आधीच गळतोय, मग बदलण्याला पर्याय नाही.

डिझेल गाडीत इंधनातलं मेण थंडीने साखळून फिल्टर बंद करतं. थंडीसाठीचं डिझेल किंवा जेल-विरोधी द्रव टाकीत आधीच असायला हवा, डिझेल घट्ट झाल्यावर ओतून उपयोग नाही. फिल्टरखालचा नळ उघडून साठलेलं पाणी काढा. ग्लो प्लगची (डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारा प्लग) वायर काढून त्याचा रोध मोजा. चांगला प्लग 1-2 ओहमच्या आत असतो, तुटलेल्याचा रोध अमर्याद दिसतो. प्लग काढायचा झाला तर इंजिन कोमट असताना, सावकाश. थंड हेडमध्ये जोर लावल्याने प्लग तुटला तर दिवसभराचं काम आठवडाभराचं होतं. पेट्रोल गाडीत कार्ब्युरेटरची चोक पट्टी (हवेची वाट अडवणारी झडप) थंड इंजिनावर पूर्ण मिटते का आणि इंजिन तापल्यावर पूर्ण उघडते का, एवढं बघा.

टायरकडे दोन प्रकारे बघावं. तापमान 10 अंशांनी उतरलं की दाब साधारण 2 पीएसआयने (टायरचा दाब मोजायचं एकक) घटतो, म्हणून तपासणी सकाळी, टायर थंड असताना. आणि 7 अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सुटते. डोंगर आणि हिमकण असं चिन्ह असलेले टायर चारही चाकांना घाला. दोनच घातले तर वळणावर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं घसरतं. खाचा 4 मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या असतील तर बर्फात ते टायर नकोत.

रस्त्यावर मीठ टाकत असतील तर गाडीचा तळ आधी धुऊन पूर्ण कोरडा करा आणि मगच मेणाचा लेप द्या. ओल्या गंजावर लेप दिला की ओल आत कोंडते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, ती लेपाने बुजवू नका. दारांच्या रबराला सिलिकॉन लावा. विंडशील्डच्या टाकीत साधं पाणी असेल तर सगळं काढून थंडीसाठीचा द्रव भरा आणि पंप एकदा चालवून नळीतलं पाणीही बाहेर काढा, नाहीतर गोठायला तेवढंच पुरतं.

गोठवणाऱ्या थंडीत रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओल शिरलेली केबल तशीच गोठून बसते. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ओंडका लावा. सायलेन्सरच्या पाइपाला भोक असेल तर ते याच वेळी बंद करून घ्या. थंडीत काचा मिटलेल्या असतात आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बर्फात अडकलेली गाडी चालू ठेवायची वेळ आली, तर आधी खाली उतरून पाइपाचं तोंड फावड्याने मोकळं करा.